१.७ पॉझिटिव्ह: एका जोडप्याचे हर्पीसचे रिपोर्ट

ती ३१ वर्षांची, तो ३४. लग्नाला चार वर्षं झालेली. लग्नानंतर बाहेर कुणाशी संबंध नाही, असं दोघांचंही म्हणणं. हे जोडपं समजावून सांगण्यासाठी रचलेलं आहे. रिपोर्टांचा क्रम, त्यातले आकडे आणि त्यांवरून उठणारं वादळ मात्र प्रत्यक्षात असतं तसंच ठेवलं आहे.

सुरुवात तापाने झाली. अंग मोडून आलं, डोकं जड झालं आणि दुसऱ्या दिवशी लघवी करताना आग व्हायला लागली. जांघेत दोन्ही बाजूंना दुखऱ्या गाठी आल्या. चौथ्या दिवशी योनीच्या बाहेरच्या भागावर पाणी भरलेल्या बारीक फोडांचे पुंजके होते, काही फुटून उथळ जखमा झाल्या होत्या. पहिल्या डॉक्टरांनी "हर्पीस वाटतोय" म्हणून लावायला मलम दिलं आणि रक्त तपासायला सांगितलं. घरी येऊन तिने शोधलं तर समोर आली नागीण. नागीण हा हर्पीस झोस्टर, कांजिण्यांच्या विषाणूने होणारा; हिचा आजार हर्पीस सिम्प्लेक्सचा. त्या विषाणूला थोडक्यात एचएसव्ही म्हणतात, त्याचे दोन प्रकार, १ आणि २. विषाणू एकाच कुळातले, पण आजार वेगळे. नागीण शरीरसंबंधातून येत नाही हे वाचून तिला तेवढ्यापुरतं हायसं वाटलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. एचएसव्ही १ आणि २, आयजीएम: पॉझिटिव्ह. आयजीएम आणि आयजीजी हे विषाणूविरुद्ध रक्तात तयार होणाऱ्या अँटीबॉडींचे, म्हणजे प्रतिपिंडांचे, दोन प्रकार. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, 'अलीकडील संसर्गाची शक्यता'. अलीकडील म्हणजे केव्हाचा, आणि कुणाकडून? तिच्या आयुष्यात पुरुष एकच होता, त्यामुळे तिच्यापुरतं उत्तर ठरलेलं होतं. तो दुसऱ्याच दिवशी स्वतःहून रक्त देऊन आला. त्याच्या रिपोर्टमध्ये एचएसव्ही-१ आयजीजी ठळक पॉझिटिव्ह होता आणि एचएसव्ही-२ आयजीजी १.७, पॉझिटिव्ह.

त्या रात्री त्याने तिला लग्नाआधीच्या एका संबंधाबद्दल सांगितलं. चार वर्षांत हा विषय कधी निघाला नव्हता. त्याला स्वतःला कधीही त्या जागी फोड आलेले नव्हते, पण लक्षणं नसतानाही विषाणू अंगात असू शकतो हे दोघांनी वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. मग सगळं जुळलं: त्या बाईकडून याला, याच्याकडून हिला. आता तिचा राग आजारापेक्षा लपवण्यावर होता. ती गोष्ट त्याने आधीच सांगायला हवी होती की नको, हा त्या दोघांचा प्रश्न. पण १.७ या आकड्याने ती वदवून घ्यावी हे मला फार वाईट वाटतं, कारण तो आकडा तेवढ्या लायकीचा नव्हता.

दुसऱ्या डॉक्टरांनी काय केलं

सातव्या दिवशी दोघं त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञांकडे गेले. या डॉक्टर बाईंनी दोन्ही रिपोर्ट वाचून बाजूला ठेवले आणि आधी तपासलं. पहिल्या खेपेच्या हर्पीसमध्ये आठ-दहा दिवस नवे फोड येत राहतात, पूर्ण भरून यायला दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे तिच्या अंगावर एक ताजा फोड अजून होता. तो फोडून त्याच्या तळाशी स्वॅब घासून घेतला आणि पीसीआरसाठी, म्हणजे जखमेतला विषाणू थेट शोधणाऱ्या तपासणीसाठी, पाठवला. त्याच दिवशी तिचं रक्तही घेतलं, मात्र आयजीएमसाठी नव्हे, तर दोन्ही प्रकारांचे आयजीजी वेगवेगळे मोजण्यासाठी. रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या: व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम, दिवसातून दोनदा, दहा दिवस. मलम बंद केलं. जननेंद्रियांच्या हर्पीसवर लावायच्या औषधाचा फायदा नगण्य असतो.

तीन दिवसांनी आलेले निकाल असे. स्वॅबमध्ये एचएसव्ही-१ सापडला, एचएसव्ही-२ नाही. तिच्या रक्तात दोन्ही आयजीजी निगेटिव्ह.

म्हणजे ज्या विषाणूवरून घरात भांडण पेटलं होतं, तो तिच्या जखमेत नव्हताच. पण बाईंनी इथेच 'सुटलात' म्हटलं नाही. त्याचा १.७ अजून उभा होता, आणि तिचं रक्त निगेटिव्ह का, हेही त्यांना समजावून सांगायचं होतं.

आयजीएमचा कागद

सर्वांत कमी कामाचा कागद हाच, आणि सर्वांत आधी हातात पडला तोही हाच. शाळेत शिकल्यासारखं आपल्याला वाटतं की आयजीएम म्हणजे नवा संसर्ग आणि आयजीजी म्हणजे जुना. काही आजारांत ते चालतं, हर्पीसमध्ये चालत नाही. जुना हर्पीस पुन्हा उठला तरी आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकतो, दुसऱ्याच एखाद्या विषाणूमुळेही येऊ शकतो, आणि एक की दोन हे तो खात्रीने वेगळं करत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ही तपासणी करू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. तरी ती अनेक लॅबच्या यादीत असते, म्हणून लिहूनही दिली जाते. तिच्या बाबतीत संसर्ग नवाच निघाला, पण तो आयजीएममुळे कळला नाही. आयजीएम निगेटिव्ह आला असता तरी निष्कर्ष बदलला नसता.

१.७ म्हणजे किती?

आयजीजीच्या नेहमीच्या तपासणीत इंडेक्स नावाचा आकडा येतो. बऱ्याच किटमध्ये ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह, मधला पट्टा अनिश्चित. हा आकडा विषाणूचं प्रमाण सांगत नाही, आजाराची तीव्रता सांगत नाही, संसर्ग किती जुना तेही सांगत नाही. किटमधल्या विषाणूच्या प्रथिनाला रक्तातल्या अँटीबॉडी किती चिकटल्या, त्यावरून मशीनने दिलेला संकेत एवढाच त्याचा अर्थ. १.१ ओलांडलं की लॅबचं सॉफ्टवेअर ठळक अक्षरांत पॉझिटिव्ह छापतं. त्याला १.७ आणि १७ यांत फरक दिसत नाही.

फरक मात्र मोठा आहे. एचएसव्ही-२ च्या आयजीजीमध्ये ३ च्या खालचे पॉझिटिव्ह बऱ्याचदा खोटे निघतात. म्हणून सीडीसी म्हणते की ३ पेक्षा कमी इंडेक्स असेल तर वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्या तपासणीने तो पडताळून घ्या. यासाठी सर्वांत भरवशाची मानली जाते ती सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधली वेस्टर्न ब्लॉट. ती बहुतेकांच्या आवाक्यात नसते. मग दुसऱ्या पद्धतीचं किट आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी, हा व्यवहारातला मार्ग उरतो.

बाईंनी त्याला पाठकोऱ्या कागदावर हिशेब करून दाखवला. समजा, काहीही लक्षण नसलेली १००० माणसं तपासली आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर एचएसव्ही-२ आहे. तपासणी १०० पैकी ९५ वेळा बरोबर सांगते असं धरू. ५० पैकी साधारण ४७ पकडले जातील. उरलेल्या ९५० पैकी ५ टक्के, म्हणजे आणखी साधारण ४७ जणांना ती चुकीने पॉझिटिव्ह ठरवेल. ९४ पॉझिटिव्हांत निम्मे खोटे! तपासणी चांगली असूनही असं होतं, कारण ती जिथे आजार थोडा आहे तिथे वापरली. लक्षणं नसलेल्यांची सरसकट रक्ततपासणी करू नये असा सल्ला अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१६ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये तो कायम ठेवला, त्यामागे हेच गणित आहे.

त्याचा खरा धोका यापेक्षा अधिक होता असं मानायला जागा होती का? लग्नाआधी एक संबंध, कधीही लक्षण नाही, आणि बायकोच्या जखमेत दुसराच विषाणू. नव्हती. पण एक शक्यता खोडायची होती. संसर्ग अगदी नवा असेल तर अँटीबॉडी चढत्या असतात आणि सुरुवातीला आकडा कमी दिसतो. म्हणून लगेच दुसऱ्या पद्धतीची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. बारा आठवड्यांनी पहिल्याच पद्धतीने पुन्हा मोजलं: १.५. खरा नवा संसर्ग असता तर तोवर आकडा वर गेला असता. बाईंनी फाइलमध्ये लिहिलं, 'एचएसव्ही-२: नाही'.

तिचं रक्त निगेटिव्ह का?

फोड डोळ्यांना दिसताहेत, स्वॅब पॉझिटिव्ह आहे, आणि रक्त म्हणतं काही नाही. तिला वाटलं, कुठेतरी नमुन्यांची अदलाबदल झाली. प्रत्यक्षात या तीन गोष्टी एकत्र येणं हीच तिच्या केसमधली सर्वांत बोलकी बाब होती. शरीराला मोजता येतील इतक्या अँटीबॉडी बनवायला काही आठवडे लागतात; बहुतेकांत बारा आठवड्यांपर्यंत त्या दिसू लागतात. जखमेत विषाणू आहे आणि रक्तात त्याच प्रकारच्या अँटीबॉडी अजून नाहीत, म्हणजे संसर्ग नवा. ताप आणि गाठी याही त्याच बाजूच्या. बारा आठवड्यांनी तिचा एचएसव्ही-१ आयजीजी ६.८ आला, एचएसव्ही-२ निगेटिव्हच राहिला.

एक अडचण इथे आहे. एचएसव्ही-१ साठी ही रक्ततपासणी तशी कच्ची आहे. खरोखर संसर्ग असलेल्या दहांपैकी तिघांना ती निगेटिव्ह दाखवू शकते. म्हणून नुसत्या पहिल्या निगेटिव्हवर फार भार टाकू नये. निगेटिव्हचा पॉझिटिव्ह झाला, हा बदल महत्त्वाचा. पहिल्या आठवड्यात ते रक्त घेतलंच नसतं, तर संसर्ग नवा की जुना हे कुणालाच नंतर सांगता आलं नसतं. आणि स्वॅब तर फोड सुकले की हातचा गेला. खपलीवरून घेतलेला निगेटिव्ह स्वॅब काहीच नाकारत नाही.

मग आला कुठून?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे तिघांपैकी जवळपास दोघांना, एचएसव्ही-१ असतो. बहुतेकांना तो लहानपणीच घरच्यांच्या लाळेतून मिळतो. त्यांतले कित्येक आयुष्यभर लक्षणाशिवाय राहतात, काहींच्या ओठाच्या कडेला अधूनमधून फोडांचा झुपका उठतो आणि तो अंगातली उष्णता किंवा ताप बाहेर पडला म्हणून सोडून दिला जातो. त्याला विचारलं तर शाळेत असताना परीक्षेच्या दिवसांत असं व्हायचं. गेल्या काही वर्षांत झाल्याचं आठवत नव्हतं.

मुखमैथुनातून हा ओठांचा विषाणू जननेंद्रियांवर जातो. त्यासाठी ओठावर फोड दिसायलाच हवा असं नाही. विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून असतो आणि मधूनमधून काहीही न दिसता लाळेत उतरतो. संसर्गापासून फोड येईपर्यंत साधारण दोन ते बारा दिवस जातात. दोघांनी मागचे दिवस आठवून पाहिले आणि काळ बसला.

त्याच्याकडूनच आला, हे सिद्ध झालं का? नाही. नेहमीची पीसीआर प्रकार सांगते, माणूस सांगत नाही. पण तिच्या अंगात एचएसव्ही-१ नवा होता, त्याच्या अंगात जुना होता, आणि मधे कुणी तिसरं असण्याची गरज राहिली नाही. यापेक्षा जास्त खात्री कुठलीही लॅब विकत देत नाही.

स्वॅबमध्ये दोन नंबर निघाला असता तर

हा प्रश्न त्याने विचारला आणि तो टाळण्यासारखा नव्हता, कारण कितीतरी जोडप्यांच्या हाती नेमका तोच निकाल येतो. तेव्हाही पहिला प्रश्न 'कोण' हा नसून 'नवा की जुना' हा असतो. जखमेत एचएसव्ही-२ आणि त्याच आठवड्यात रक्तात एचएसव्ही-२ चा ठळक आयजीजी आधीच हजर, तर फोड पहिल्यांदा दिसले असले तरी संसर्ग जुना आहे. कदाचित लग्नाआधीचा, कदाचित तिचा स्वतःचा. एचएसव्ही-२ असलेल्या बहुसंख्य लोकांना तो असल्याचं माहीतच नसतं, आणि पहिले ओळखता येणारे फोड काही वर्षांनीही येतात. उलट, रक्त निगेटिव्ह असून नंतर पॉझिटिव्ह झालं तर संसर्ग नवा. तोही नवऱ्याच्या कित्येक वर्षांपूर्वीच्या, कधीच न जाणवलेल्या संसर्गातून येऊ शकतो. एकाला एचएसव्ही-२ असताना दुसरा वर्षानुवर्षं निगेटिव्ह राहणं अजिबात दुर्मिळ नाही. फोडांवरून बेइमानीची तारीख काढता येत नाही.

अशा जोडप्यात पसरण्याचं प्रमाण किती, याचा चांगला अंदाज २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून मिळतो. त्यात १४८४ जोडपी होती, एकाला एचएसव्ही-२ आणि दुसऱ्याला नाही. आठ महिन्यांत, गोळी म्हणून नुसतं प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेणाऱ्यांच्या जोडीदारांपैकी ३.६ टक्क्यांना संसर्ग झाला. रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेणाऱ्यांच्या जोडीदारांपैकी १.९ टक्क्यांना. जवळपास निम्म्यावर. कंडोमही धोका कमी करतो, पुरुषाकडून स्त्रीकडे जाणारा जास्त. पण झाकलेल्या भागाबाहेरच्या त्वचेवरूनही विषाणू जातो, त्यामुळे तो शून्यावर येत नाही. फोड असताना, किंवा फोडांआधीची मुंग्या-चुरचुर जाणवत असताना संबंध टाळणं हे या दोन्हींइतकंच कामाचं. लक्षणं नसलेल्या दिवसांतही विषाणू बाहेर पडतो. २०११ च्या एका अभ्यासात, कधीच लक्षण न जाणवलेल्या एचएसव्ही-२ बाधितांत तपासलेल्या दिवसांपैकी सुमारे १० टक्के दिवशी तो सापडला, लक्षणं येणाऱ्यांत सुमारे २० टक्के.

पुढचं

यांच्यासाठी यातलं बरंच लागू नव्हतं. त्याला एचएसव्ही-१ लहानपणापासून आहे, त्यामुळे तिच्याकडून तोच विषाणू त्याला दुसऱ्या जागी होण्याची शक्यता फार कमी. रोजची गोळी नको. पुन्हा फोड आलेच तर पाच दिवसांचा कोर्स जवळ ठेवायचा. जननेंद्रियांवरचा एचएसव्ही-१ दोन नंबरच्या मानाने खूप कमी वेळा उलटतो, अनेकांना पहिल्या वर्षात एखादाच झटका येतो किंवा येतच नाही. त्यांनी टॉवेल आणि साबण वेगळे केले होते. ते पुन्हा एकत्र केले तरी चालेल, असं बाईंनी सांगितलं. हा विषाणू त्वचेला त्वचा लागून जातो, कपड्यांतून आणि संडासाच्या सीटवरून नाही.

तिचा शेवटचा प्रश्न मुलाबद्दल होता. वर्षभरात विचार होता. आईला संसर्ग गरोदरपणाच्या अखेरीस नव्याने झाला तर बाळाला तो होण्याचा धोका ३० ते ५० टक्के असतो, कारण आईच्या अँटीबॉडी बाळापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. जुन्या संसर्गात तोच धोका १ टक्क्याहून कमी. ती दुसऱ्या गटात जाणार होती. तरी प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगायचं, ३६ व्या आठवड्यापासून गोळ्या सुरू करण्याबद्दल विचारायचं, आणि कळा सुरू होताना फोड किंवा चुरचुर असेल तर सिझेरियन करावं लागेल हे लक्षात ठेवायचं.

त्याच्यासाठी सूचना वेगळी होती, आणि ती ऐकून तो जरा दचकला. बाळ झाल्यावर पहिले काही आठवडे ओठावर काहीही उठलेलं असेल तर बाळाला पापी घ्यायची नाही, आणि घरात येणाऱ्या कुणालाही घेऊ द्यायची नाही.